कोंडवाड्यातला चारा

सखूबाई मेंढरं घेऊन चारा छावणीच्या फाटकाशी पोचली तेव्हा सकाळचे नऊच वाजले होते, पण जमीन आत्ताच चपलेतून चटके देत होती. मागं सत्तेचाळीस मेंढरं. दिवाळीला बहात्तर होती. बाकीची काही विकली गेली, काही मेली, आणि जी उरली होती त्यांच्या पाठीच्या कण्यावरून बोट फिरवलं तर मणी मोजता आले असते.

फाटकावर रामहरी खुर्ची टाकून बसला होता. गावातला बागायतदार, चाळिशीचा गडी. छावणी त्याच्याच संस्थेला मिळालेली. आत हिरव्या जाळीच्या सावलीत गाई-बैलांच्या रांगा होत्या, प्रत्येकाच्या कानात पिवळा बिल्ला, पुढ्यात कुट्टी केलेला ऊस. त्या वासानं मेंढरं पुढं रेटायला लागली. सखूबाईनं काठी आडवी धरली.

"सखूमावशी, कशाला एवढी तंगडतोड केली?" रामहरी उठून उभा राहिला. "इथं फकस्त मोठी जनावरं घेतो. मेंढरं नियमात बसत नाय."

"मग मेंढरं काय जनावरं नव्हं?"

"तसं नाय मावशी. वरनं जीआर आलाय. गाय, बैल, म्हैस. मेंढराचं म्हणत्यात, ती कुठंबी चरतात."

"कुठंबी म्हंजी कुठं? तेवढं लिव्हलंय का?"

रामहरीनं फाटकाची कडी चाचपली. त्याच्या मागच्या रांगेत त्याच्याच तीन जर्सी गाई रवंथ करत होत्या. सखूबाईला ते दिसत होतं आणि तिला दिसतंय हे त्यालाही कळत होतं.

"दरसाल रान मोकळं झालं का तूच सांगावा धाडतोस ना," सखूबाई म्हणाली, "मावशी, माझ्या वावरात मेंढरं बसवा, लेंडीखत पायजे म्हणून? तुझा बापबी धाडायचा. तवा ती जनावरं असतात. आन् आज?"

"माझ्या हातात काय हाय, मावशी? बिल्ला मशीननं वाचत्यात. तुमची आत घेतली तर माझी छावणीच बंद करतील."

तो खोटं बोलत नव्हता. म्हणूनच सखूबाईला जास्त राग आला. खोटं बोलणाऱ्याला शिव्या तरी घालता येतात.

तिची वस्ती पडेगावच्या पुढं, दौलताबादचा रस्ता सोडून आत. अकरा घरं, सगळी धनगरांची. कुणाच्या नावावर वीतभर जमीन नाही. वस्तीच्या अंगाला दीडशे एकराचं गायरान होतं आणि तीच त्यांची शेती. हिवाळ्यापर्यंत गवत पुरायचं, उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा पडायच्या, एका कोपऱ्यात दगडी हौद होता. तीन वर्षांमागं तिथं मोजणीचे लोक आले. गायरान शहराच्या वाढीसाठी दिलं, असं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागल्यावर कळलं. मग दहा फूट उंच भिंत आली, भिंतीत कमान आली, कमानीखाली टोपीवाला पहारेकरी आला. आत बंगल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि बंगल्यांपुढं गवत लावलं. सखूबाईची सून दिपाली तिथं दोन घरची धुणीभांडी करायची. ती सांगायची, "आत्या, गवताला सकाळ-संध्याकाळ कारंजं हाय. आपोआप फिरतंय."

वस्तीवर टँकर चौथ्या दिवशी यायचा. माणसांसाठी. त्यातूनच बायका मेंढरांना पाजायच्या आणि स्वतः अंघोळ टाळायच्या.

छावणीवरून परतल्यावर दुसऱ्या दिवशी सखूबाई दिपालीला घेऊन शहरात कचेरीत गेली. दिपाली बारावी झालेली, तिनंच अर्ज लिहिला होता. टंचाईचं काम बघणाऱ्या मंजुषा मॅडम पस्तिशीच्या होत्या. टेबलावर फायलींची थप्पी, डोळ्यांखाली काळं. त्यांनी अर्ज नीट वाचला, त्याचंच सखूबाईला बरं वाटलं.

"आजी, छावणी शेतकऱ्यांच्या पशुधनासाठी असते. तुमचा सात-बारा आहे का?"

"नाय. आमचं गायरान व्हतं."

"गायरान सरकारचं असतं."

"व्हय. आन् सरकारनं ते इकलं."

"विकलं नाही, आजी. विकासासाठी दिलं."

"कुणाच्या?"

मॅडमनी पाण्याचा ग्लास तिच्याकडं सरकवला. सखूबाईनं तो दिपालीला दिला.

"लहान जनावरांच्या छावणीचा प्रस्ताव वर गेलाय," मॅडम म्हणाल्या. "पण आचारसंहिता चालू आहे. निवडणुकीचा निकाल लागेपर्यंत नवीन मंजुरी देता येत नाही. तेवीस तारखेनंतर बघू."

"आज किती तारीख?"

"सहा मे."

"मेंढरांना सांगते मग," सखूबाई म्हणाली. "तेवीसपस्तोर मरू नका म्हणून."

दिपालीनं तिचा हात धरून तिला बाहेर आणलं. जिन्यात सखूबाई कठड्याला धरून थांबली. दिपालीला वाटलं भोवळ आली. "भवळ नाय गं," सखूबाई म्हणाली, "डोकं उठलंय. त्या बाईनं मला हाकललं असतं तर बरं झालं असतं. गोड बोलून पाणी पाजती आन् मराया धाडती."

त्या आठवड्यात सहा मेंढरं गेली. काळतोंडी नावाची जुनी मेंढी गेली तेव्हा सखूबाईच्या नवऱ्यानं, खंडेरावनं, तिचं पोट फाडून बघितलं. आत दूध-पिशव्यांचा, वेफरच्या पाकिटांचा एक घट्ट बोळा निघाला, नारळाएवढा. खंडेरावनं तो बराच वेळ हातात धरला. गुडघ्यांनी गेलेला माणूस, काठीशिवाय उठता येत नव्हतं. त्यानं बसल्या जागेवरनंच सांगितलं, "सखू, खाटकाला बोलव. जित्ती हायत तवर देऊन टाकू. पोरगा कृष्णा बजाजनगरला कंपनीत लागलाच हाय. तूबी कुठं तरी कामाला लाग. सपलं आता आपलं."

"कृष्णा ठेकेदाराकडं हाय. आज हाय, उद्या नाय," सखूबाई म्हणाली. "आन् सपलं म्हनायचं कुनी? आपुन? सपवलं त्यांनी, आन् म्हनायचं आपुन?"

ती उठली. ऊन कलायच्या आत मेंढरं सोडली आणि शहराच्या दिशेनं निघाली. पडेगावात मोठे कडुलिंब होते. पाला ओरबाडून घालू, असं मनात होतं.

पण पडेगावच्या अलीकडं रस्त्याच्या मधोमध नवी झाडी लावली होती. पाहुणे लेणी बघायला जातात, त्यांना शहर हिरवं दिसावं म्हणून. लाल-पिवळ्या पानांची रोपं, खाली गवताची पट्टी, आणि टँकरवरचा माणूस पाइप धरून त्यांना पाणी घालत होता. पाणी गवतावरून ओघळून डांबरावर येत होतं आणि डांबरावर वाफ होऊन उडत होतं. पुढच्या मेंढीनं नाक वर केलं. सखूबाईच्या हातात काठी होती. ती आडवी धरली असती तर कळप थांबला असता. तिनं काठी खांद्यावर घेतली.

मेंढरं डांबर चाटू लागली. मग गवतावर गेली, मग रोपांवर. दोन्ही बाजूंनी गाड्या थांबल्या, भोंगे वाजू लागले. टँकरवाला ओरडला, "ओ खाला, क्या कर रे तुम? मेरी नौकरी जाएगी ना!" सखूबाई दुभाजकावर बसून राहिली. गेल्या दोन महिन्यांत मेंढरांच्या खाण्याचा तो आवाज, तो करकर आवाज, तिनं ऐकला नव्हता.

तासाभरात कोंडवाड्याची गाडी आली. चार माणसांनी मेंढरं पायाला धरून आत टाकली. सखूबाई एकेकीला ओढत होती, पोलिसानं तिला बाजूला केलं. झाडांचं नुकसान म्हणून गुन्हा लिहून घेतला आणि अंगठा मागितला. तिनं सही केली. वाकडी, पण सही.

रात्रभर ती बसून होती.  सकाळी दिपालीला घेऊन ती कोंडवाडा शोधत गेली. उस्मानपुऱ्याच्या पुढं, एका नाल्याच्या कडेला पत्र्याचा मोठा आडोसा होता. वाटेत ती मनात म्हणत होती, किती मेली असतील, किती चेंगरली असतील.

आत गेली आणि जागच्या जागी थांबली. मेंढरं सिमेंटच्या गव्हाणीत तोंड घालून मका खात होती. हिरवागार मका. बाजूच्या टाक्यात पाणी होतं, काठोकाठ.

कोंडवाड्याचा राखणदार मोतीराम, डोक्यावर टॉवेल गुंडाळलेला म्हातारा, हातात वही घेऊन आला. "तुमची का मावशी? दंड भरा आन् घेऊन जा."

"हा मका?"

"मग? जप्त केलेलं जनावर उपाशी ठेवता येत नाय. इंग्रजाच्या काळापासनं कायदा हाय. चारा, पाणी, सावली. नाय दिलं तर माझी नोकरी जाईल."

सखूबाई त्याच्याकडं बघत राहिली. "म्हंजी माझी मेंढरं माझ्यापाशी असली तर सरकारची कुणी नव्हं. आन् गुन्हेगार झाली का सरकारची पाव्हणी?"

मोतीराम ओशाळला. "म्या काय सांगू मावशी. कायदा तसा हाय खरा."

ती खाली बसली. दिपालीला वाटलं आता रडेल. पण सखूबाईच्या छातीतून जे वर येत होतं ते रडू नव्हतं. तिला त्या बंगल्यांपुढचं फिरणारं कारंजं आठवलं, रामहरीच्या छावणीतले पिवळे बिल्ले आठवले, मॅडमचा गार पाण्याचा ग्लास आठवला, आणि नारळाएवढा तो बोळा. एवढा चारा होता. एवढं पाणी होतं. देता येत होतं. कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, एवढंच कुणीतरी कुठंतरी ठरवलं होतं.

"न्यायची नायत," ती म्हणाली.

"काय?"

"मेंढरं. ठिवा तुमच्यापाशी."

मोतीराम घाबरला. "मावशी, खुळ्यासारखं करू नगा. सात दिवसांत नेली नाय तर लिलाव व्हतो."

"सात दिवस खाऊ दे."

संध्याकाळी वस्तीवर तिनं सगळ्यांना गोळा केलं. शेजारचा कडूबा मान हलवत राहिला. "लिलावात खाटीकच घेणार की गं. आपल्याच पायावर कुऱ्हाड." पण गोजरबाई, जिची तीस मेंढरं होती आणि नवरा नव्हता, ती म्हणाली, "नाय तरी कोण घेतंय? सात दिवस तर पोटभर खातील. माझी उद्या निघतात." मग एकेक बोलू लागला. कडूबाही शेवटी म्हणाला, "माझी मागनं येतील."

पुढच्या तीन दिवसांत दुभाजकावर पाच कळप उतरले. कोंडवाड्याची गाडी दिवसाला चार खेपा करू लागली. चौथ्या दिवशी कोंडवाड्यात अडीचशेवर मेंढरं होती, पाय ठेवायला जागा नाही. मका संपला, नवा मागवला. वस्तीतल्या बायका नाल्याच्या कडेला चटणी-भाकरी घेऊन बसलेल्या असायच्या. एका वर्तमानपत्राचा माणूस येऊन फोटो काढून गेला.

पाचव्या दिवशी मंजुषा मॅडम जीपनं आल्या. सोबत दोन अधिकारी, एक फौजदार.

"आजी, दंड माफ करतोय. घेऊन जा सगळी."

"कुठं?"

"तुमच्या घरी."

"घरी चारा हाय का? असला तर आत्ता नेते."

"हे बघा, असं अडवून धरता येत नाही. आम्ही फाटक उघडतो."

मोतीरामनं फाटक उघडलं. दोन माणसं आत शिरून मेंढरं हाकलू लागली. चार-पाच बाहेर आली, तापलेल्या रस्त्यावर पाय टेकताच वळली आणि पुन्हा आत घुसली. माणसं घामाघूम झाली. गोजरबाईला हसू आलं आणि मग सगळ्याच बायका हसू लागल्या. सखूबाई हसली नाही.

"बाई," ती मॅडमच्या समोर जाऊन उभी राहिली, "तुमी शिकल्याल्या. मला एकच सांगा. ज्याला जमीन हाय त्याच्या गाईला ऊस. ज्याला बंगला हाय त्याच्या गवताला पाणी. रस्त्यातल्या झाडाला टँकर. कोंडवाड्यातल्या चोराला मका. आन् जे आपलं आपुन जगतंय, त्याला काय? त्याला तारीख! आमी काय मागितलं तुमाला कवा? वीज नाय मागितली, शाळा नाय मागितली. हुतं ते गायरान, तेबी तुमी घेतलं. घेतलं तर घेतलं, वर म्हणता मेंढरं कुठंबी चरतात. चरली ना मग! कुठंबी चरली, तर माझ्यावर केस!"

मॅडम म्हणाल्या, "नियम मी करत नाही, आजी."

"रामहरी असंच म्हणतो. ह्यो मोतीरामबी असंच म्हणतो. मग करतो कोण? त्याला बलवा इथं. ह्या उन्हात हुबा करा."

फौजदार पुढं आला. मॅडमनी हातानं त्याला थांबवलं. जाताना त्यांनी मोतीरामला सांगितलं, लिलावाची नोटीस लावू नका. म्हातारा म्हणाला, "लेखी द्या." त्यांनी तिथंच जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहून दिलं.

तेवीसला निकाल लागला. पंचवीसला लहान जनावरांच्या छावणीचा आदेश निघाला. मॅडम स्वतः तो घेऊन कोंडवाड्यात आल्या. खूश दिसत होत्या. दिपालीनं वाचून दाखवला. दीड पान होता, खाली सही.

"ही सही कराया किती येळ लागला, बाई?" सखूबाईनं विचारलं.

मॅडम जीपकडं वळल्या.

सखूबाईला आनंद झाला नाही. ती कोंडवाड्यात होती त्या दिवसांत, मागं वस्तीवर ठेवलेली सात अशक्त कोकरं खंडेरावनं खाटकाला देऊन टाकली होती. तिला न विचारता.  बहात्तरातली आता चौतीस राहिली होती.

छावणी मिटमिट्याच्या बाजूला एका माळावर उघडायची ठरली. पहिल्या दिवशी सगळ्या वस्त्यांची मेंढरं सकाळी आठला बोलावली. पुढारी फीत कापायला येणार होते. मांडव होता, मांडवात खुर्च्या होत्या, पंखे होते. मेंढरं दोरीच्या बाहेर, उन्हात. दोरीच्या आत चाऱ्याचे ढीग. नऊ वाजले, दहा वाजले, अकरा वाजले. पुढारी निघाले आहेत, असं ध्वनिक्षेपकावरून सांगत होते. कुणीतरी दिपालीला येऊन सांगितलं, तुमच्या सासूला पुढं उभं करा, हातात कोकरू द्या, साहेबांबरोबर फोटो घ्यायचाय.

"कोकरू नाय," सखूबाई म्हणाली. "कोकरं इकली आमी."

"मग दुसऱ्या कुणाचं घ्या."

साडेअकराला तिच्या कळपातली एक गाभण मेंढी पुढच्या पायांवर खाली बसली. मान टाकली. सखूबाईनं तिच्या तोंडाला बाटलीतलं पाणी लावलं, ते ओठांवरून खाली गेलं. तिनं वर बघितलं. दोरी चार हातांवर होती. दोरीच्या पलीकडं चारा.

ती उठली. लाल फीत होती त्या कमानीतून ती सरळ आत शिरली. फीत तिच्या छातीला लागून ताणली आणि तुटली. मागनं तिची मेंढरं, त्यांच्या मागनं गोजरबाईची, मग कडूबाची, मग ज्यांची नावं तिला माहीत नव्हती त्या वस्त्यांची. मांडवातले लोक धावत आले. "अहो बाई, उद्घाटन व्हायचंय!"

"करा की," सखूबाई म्हणाली. तिनं हिरव्या मक्याची एक पेंढी उचलली आणि बाहेर मान टाकून पडलेल्या मेंढीकडं निघाली. "मेंढरांचं खाऊन झाल्यावर करा."

ती मेंढी उठली नाही. दुपारी गेली.

छावणी एकवीस दिवस चालली. मग पाऊस पडला आणि बंद झाली. सखूबाईची तेहतीस मेंढरं जगली. दुभाजकाच्या झाडांची केस मात्र मिटली नाही. मॅडमची बदली झाली, नव्या साहेबांना काही ठाऊक नव्हतं. वकील म्हणाला, गुन्हा कबूल करून टाका, थोडा दंड होईल, मोकळ्या व्हाल. दिपालीही तेच म्हणाली.

"कबूल करीन," सखूबाई म्हणाली. "पन आधी ते गायरान कुणी कुणाला दिलं, त्याचा कागद काढ. दोन्ही एका दिवशी निकाली निघू देत."

दिपालीनं माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. त्याला उत्तर आलं नाही. तिनं दुसरा लिहिला. सखूबाई प्रत्येक तारखेला भाकरी बांधून जाते, बाकावर बसते, नाव पुकारलं की उभी राहते आणि पुढची तारीख घेऊन येते. खंडेराव विचारतो, कशाला एवढी धावपळ.  ती मेंढरं सोडते आणि जुन्या गायरानाच्या भिंतीच्या कडेकडेनं निघते.